पडद्याचा हवा तेवढाच तुकडा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात किन्हवली हे गाव आहे. आसपासच्या गावपाड्यांची ही बाजारपेठ. पाऊस तोंडावर आला की एकीकडे भाताच्या बियाण्यासाठी दुकानांत गर्दी होते आणि दुसरीकडे दहावीचा निकाल हाती घेऊन पालक-विद्यार्थी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्यांचा शोध घेऊ लागतात. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया पूर्वी मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरतीच होती. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती राज्यभर लागू झाली. त्यामुळे जो अर्ज ठाण्या-डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला भरावा लागतो, तोच आता पाड्यावरच्या विद्यार्थ्यालाही भरावा लागतो. फरक इतकाच, की शहरात शेजारच्या घरी विचारण्याची सोय असते; पाड्यावर ती बहुधा नसते.

अशा वेळी एखाद्या शिक्षकाच्या मनात सहज येते, की अर्ज कसा भरायचा याची एक चित्रफीत तयार करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावी. कल्पना उत्तम आहे. संगणकाचा पडदा जसाच्या तसा मुद्रित करणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. शिक्षक एका विद्यार्थ्याला शेजारी बसवतात, रेकॉर्डिंगचे बटण दाबतात आणि त्याचा अर्ज भरत भरत समजावून सांगतात. दहा मिनिटांत चित्रफीत तयार होते आणि अर्ध्या तासात ती दोनशे फोनांवर पोहोचते.

आता ती चित्रफीत पालकाच्या नजरेने पाहू. वरच्या बाजूला ब्राउझरमध्ये उघडलेल्या दहा पानांची नावे दिसतात. खाली उजव्या कोपऱ्यात मध्येच शिक्षकांच्या बँकेकडून आलेल्या ई-मेलची सूचना तरंगून जाते. अर्जातील अक्षरे मात्र इतकी बारीक, की ती वाचण्यासाठी फोन डोळ्यांजवळ न्यावा लागतो. आणि ज्या विद्यार्थ्याचा अर्ज नमुना म्हणून भरला, त्याची जन्मतारीख, पत्ता, जातीचा प्रवर्ग आणि आईचा मोबाइल क्रमांक दोनशे घरांत पोहोचलेला असतो. शिक्षकांना दाखवायची होती चार रकान्यांची जागा. दाखवला गेला अख्खा पडदा.

संपूर्ण पडद्याऐवजी त्याचा एक भागच मुद्रित करणे ही वरवर किरकोळ वाटणारी सोय आहे. प्रत्यक्षात वाचनीयता, फाइलचा आकार आणि खासगीपणा या तिन्ही गोष्टी तिच्याशी निगडित आहेत. म्हणूनच तिची थोडी ओळख करून घेणे उपयोगाचे ठरेल.

चौकट म्हणजे चार आकडे

संगणकाचा पडदा हा असंख्य बारीक ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा, बनलेला असतो. सध्याच्या बहुतेक लॅपटॉपवर आडव्या दिशेने १९२० आणि उभ्या दिशेने १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. मुद्रण करणारे सॉफ्टवेअर या ठिपक्यांची नक्कल सेकंदाला ठरावीक वेळा, साधारणतः तीस वेळा, करून घेते आणि त्या स्थिर चित्रांची मालिका म्हणजे चित्रफीत.

पडद्याचा भाग निवडताना आपण माऊसने चौकट ओढतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती चौकट म्हणजे केवळ चार आकडे असतात : चौकटीचा वरचा डावा कोपरा पडद्याच्या डाव्या कडेपासून किती अंतरावर आहे, वरच्या कडेपासून किती अंतरावर आहे, चौकटीची रुंदी किती आणि उंची किती. प्रत्येक वेळी नक्कल करताना या चार आकड्यांत बसणारे ठिपकेच उचलले जातात. बाहेरचे ठिपके फाइलपर्यंत पोहोचतच नाहीत. ही बाब महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

येथे एक तांत्रिक खोच आहे. एच.२६४ या सर्वाधिक प्रचलित पद्धतीने चित्रफीत दाबून लहान केली जाते, तेव्हा प्रत्येक ठिपक्याची उजळता स्वतंत्रपणे नोंदली जाते. पण रंगाची माहिती मात्र दोन गुणिले दोन अशा चार ठिपक्यांत मिळून एकदाच साठवली जाते. मानवी डोळा उजेडातील फरक जितक्या बारकाईने टिपतो तितक्या बारकाईने रंगातील फरक टिपत नाही, या गुणधर्माचा हा फायदा आहे. परिणामी चौकटीची रुंदी आणि उंची सम संख्येत असावी लागते. हाताने ओढलेली चौकट ८५३ × ४७९ अशी विषम आली तर काही सॉफ्टवेअर ती गुपचूप एका ठिपक्याने कमी-जास्त करतात, तर काही चूक दाखवून थांबतात. म्हणून ९६० × ५४० किंवा १२८० × ७२० अशी ठरलेली मापे वापरावीत. ही दोन्ही मापे १६ : ९ या प्रमाणात आहेत; फोन आडवा धरला की चित्र नीट बसते आणि काळ्या पट्ट्या फारशा राहत नाहीत.

बारीक अक्षरांचे गणित

लॅपटॉपचा १५.६ इंची पडदा सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो. तीच चित्रफीत साडेसहा इंची फोनवर आडवी पाहिली, तर तिची रुंदी जेमतेम बारा सेंटिमीटर भरते. म्हणजे प्रत्येक अक्षर जवळजवळ एक तृतीयांश होते. लॅपटॉपवर तीन मिलिमीटर उंचीचे दिसणारे अक्षर फोनवर एक मिलिमीटरचे होते. त्यात मराठी मजकूर असेल तर काना, मात्रा, वेलांटी आणि रफार यांचा गोंधळ ठरलेलाच.

त्याऐवजी ९६० × ५४० ची चौकट घेतली, तर पडद्याचा बरोबर चौथा हिस्सा मुद्रित होतो आणि तोच फोनच्या पूर्ण रुंदीत पसरतो. अक्षर दुप्पट मोठे दिसते. यासोबत ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक चिन्हाची कळ दाबून पानाचा आकार दीडपट केला, की काम आणखी सोपे होते. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी पान मोठे करावे आणि मग चौकट घ्यावी. मुद्रण झाल्यावर संपादनात चित्र ताणून मोठे केले, तर अक्षरे मोठी होतात खरी, पण धूसरही होतात. कारण जे ठिपके टिपलेच नाहीत ते नंतर निर्माण करता येत नाहीत.

फाइलच्या आकाराचाही विचार करू. दाबून लहान न केलेली माहिती मोजली, तर पूर्ण पडद्याच्या मुद्रणात सेकंदाला सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट तयार होतात; ९६० × ५४० च्या चौकटीत ४ कोटी ६६ लाख. प्रत्यक्षात फाइल त्याच प्रमाणात लहान होत नाही, कारण न बदलणारा मजकूर दाबण्याची प्रक्रिया अत्यंत कार्यक्षम असते. परंतु संगणकावरचा भार निश्चितच हलका होतो. जुन्या संगणकावर मुद्रण अडखळते, आवाज आणि चित्र यांची फारकत होते, त्यावर लहान चौकट हा पहिला उपाय आहे. आणि जेथे नेटवर्कसाठी घराबाहेर येऊन उभे राहावे लागते, तेथे फाइल थोडी जरी हलकी झाली तरी पाहणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

पवईतील धडा

पडद्याच्या मुद्रणातून शिकवण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याला केंद्र सरकारच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानाचे साहाय्य लाभले. मुक्त सॉफ्टवेअर कसे वापरावे, हे साधारण दहा मिनिटांच्या चित्रफितींतून शिकवायचे, पडदा एकच ठेवून निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत द्यायचे, अशी ही पद्धत आहे.

या प्रकल्पातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली अशी, की शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडून ठेवावे व पाहत पाहतच करून बघावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे पाहणाऱ्याकडे चित्रफितीसाठी अर्धाच पडदा उरतो. १३६६ ठिपके रुंदीच्या जुन्या लॅपटॉपवर तो ६८३ ठिपक्यांचा होतो. पूर्ण पडद्याचे मुद्रण तेवढ्या जागेत कोंबले तर काहीच वाचता येणार नाही. पाहणारा कोठे आणि कसा पाहणार आहे, यावरून चौकट ठरते. मुद्रण करणाऱ्याच्या पडद्यावरून नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की निवेदनाची संहिता आधी लिहिली जाते आणि ती एखाद्या नवशिक्याकडून तपासून घेतली जाते. कोठे क्लिक करायचे हे आधीच ठरलेले असेल, तर चौकट लहान ठेवता येते. न ठरवता सुरुवात केली, की ‘असू द्या अख्खा पडदा’ असा मोह होतोच.

शहापूर तालुक्यालाही अशा प्रयोगांचे वावडे नाही. याच तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा, तेथील शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नांतून, २०१० च्या दशकात डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली. पुढे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा राज्यातील असंख्य शिक्षकांनी स्वतःच पाठांच्या चित्रफिती तयार केल्या. पडद्याचे मुद्रण ही त्या काळात शिक्षकाची रोजची गरज झाली आणि ती सवय आजही टिकून आहे.

कोणते साधन, कोणती पद्धत

विंडोज ११ मध्ये ‘स्निपिंग टूल’ या अंगभूत सॉफ्टवेअरमध्येच पडद्याच्या निवडलेल्या भागाचे मुद्रण करण्याची सोय आहे. विंडोज, शिफ्ट आणि आर या तीन कळा एकत्र दाबल्या की पडदा मंद होतो; माऊसने चौकट ओढून मुद्रण सुरू करता येते आणि मध्ये थांबवताही येते. विंडोज १० मध्ये ही सोय नाही. तेथील ‘गेम बार’ एका सॉफ्टवेअरची खिडकी मुद्रित करतो, पण डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर मुद्रित करण्यास नकार देतो. अशा संगणकांवर ‘शेअरएक्स’ किंवा ‘ओबीएस स्टुडिओ’ ही दोन मोफत सॉफ्टवेअर वापरता येतात. अ‍ॅपलच्या संगणकांवर २०१८ च्या ‘मोहावी’ आवृत्तीपासून शिफ्ट, कमांड आणि ५ या कळांनी हेच काम होते. लिनक्स वापरणाऱ्यांना ग्नोमच्या २०२२ मधील ४२ व्या आवृत्तीपासून अशी सोय मिळाली आहे.

ओबीएसमध्ये चौकट थेट ओढण्याची पद्धत नाही, म्हणून नवशिके गोंधळतात. त्याची रचना चित्रकाराच्या कागदासारखी आहे. प्रथम सेटिंग्जमधील व्हिडिओ विभागात जाऊन कागदाचे माप १२८० × ७२० असे ठरवायचे. मग त्यावर ‘डिस्प्ले कॅप्चर’ हा स्रोत ठेवून तो असा सरकवायचा, की आपल्याला हवा तो भाग कागदात येईल. कागदाच्या बाहेर गेलेले काहीही मुद्रित होत नाही. ऑल्ट कळ दाबून स्रोताची लाल कड आत ओढली, तर तो भाग कापलाही जातो.

याशिवाय ‘भाग’ आणि ‘खिडकी’ यांतील फरक समजून घेतला पाहिजे. भाग निवडला तर चौकट पडद्यावर खिळलेली असते. खिडकी सरकली तर ती चौकटीबाहेर जाते, आणि दुसरे काही वर आले तर तेही मुद्रित होते. याउलट ‘विंडो कॅप्चर’ पद्धतीत सॉफ्टवेअर त्या एका खिडकीच्याच मागे राहते. पण खाली उघडणाऱ्या याद्या अनेकदा स्वतंत्र खिडक्या म्हणून वावरतात आणि त्या मुद्रणात उमटत नाहीत. जिल्हा, तालुका, महाविद्यालय अशा याद्यांनी भरलेला अर्ज दाखवताना नेमकी यादीच गायब झाली, तर चित्रफितीचा उपयोग काय? अशा कामाला चौकटीचीच पद्धत बरी.

कापले म्हणजे गेले का?

यावर कोणी म्हणेल, की आधी सगळा पडदा मुद्रित करावा आणि नको तो भाग नंतर कापून टाकावा. वाचनीयतेच्या दृष्टीने यात काय तोटा आहे ते वर आलेच. खासगीपणाच्या दृष्टीने तर ही सवय धोक्याची आहे, कारण कापलेला भाग नाहीसा झाला असे दिसणे आणि तो खरोखर नाहीसा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्च २०२३ मध्ये हे जगाला चांगलेच कळले. गूगलच्या पिक्सेल फोनांतील ‘मार्कअप’ आणि विंडोजमधील स्निपिंग टूल या दोहोंत एकाच स्वरूपाचा दोष आढळला. पडद्याचे चित्र कापून त्याच फाइलवर जतन केले, की नवे लहान चित्र फाइलच्या सुरुवातीला लिहिले जाई. पण जुन्या मोठ्या चित्राचे उरलेले शेपूट फाइलमधून काढलेच जात नसे. त्या शेपटातून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत मिळवता येत असे. हे दोष पुढे दुरुस्त करण्यात आले. परंतु त्याआधी पाठवलेल्या चित्रांना ती दुरुस्ती लागू पडत नाही. हे उदाहरण स्थिर चित्रांचे आहे, पण बोध व्यापक आहे. वर्डमध्ये चित्र कापले तरी, कापलेला भाग काढून टाकण्याची वेगळी आज्ञा दिल्याखेरीज तो दस्तऐवजातच राहतो. चित्रफितीच्या संपादनातही मूळ न कापलेली फाइल संगणकावर पडून राहते, आणि घाईत नेमकी तीच पाठवली जाण्याचा संभव असतो.

चौकटीच्या पद्धतीत हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. बाहेरचे ठिपके टिपलेच गेले नाहीत, तर ते परत मिळवणार कोठून?

चौकटीच्या आतले धोके

तथापि चौकट लहान घेतली म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. काही धोके चौकटीच्या आतच असतात.

पहिला धोका आपोआप भरण्याच्या सोयीचा. रकान्यात पहिले अक्षर लिहिताच ब्राउझर पूर्वी लिहिलेली नावे, पत्ते आणि क्रमांक सुचवतो. घरच्या संगणकावर ते आपले स्वतःचे असतात. पण दिवसाकाठी कित्येक जणांचे अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रातील संगणकावर ती परक्या माणसांची यादी असते. यासाठी ब्राउझर अतिथी स्वरूपात उघडावा. तेथे जुनी नोंद नसते.

दुसरा धोका सूचनांचा. विंडोजमध्ये त्या खाली उजवीकडे आणि अ‍ॅपलच्या संगणकावर वर उजवीकडे दिसतात. चौकट तेथून दूर ठेवावीच, पण मुद्रणापूर्वी ‘व्यत्यय नको’ ही सोयही चालू करावी.

तिसरा धोका आवाजाचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. चौकट चित्राला मर्यादा घालते, ध्वनीला नाही. संगणकाचा आवाज मुद्रित होत असेल, तर चौकटीबाहेरच्या खिडकीतील आवाजही फाइलमध्ये जातो. आणि मायक्रोफोन चालू असेल, तर शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने मोठ्याने वाचून दाखवलेला ओटीपीही त्यात जातो. पासवर्ड आणि ओटीपी भरताना मुद्रण थांबवावे, हा नियम न मोडता पाळावा.

चौथा धोका नमुना माहितीचा. खऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज नमुना म्हणून वापरू नये, हे उघड आहे. पण मनाने लिहिलेला दहा आकडी मोबाइल क्रमांकही कोणाचा तरी खरा असू शकतो. म्हणून असा रकाना चौकटीबाहेर ठेवावा किंवा तेवढ्यापुरते मुद्रण थांबवावे. झाकायचेच असेल तर संपूर्ण काळी पट्टी वापरावी. धूसर केलेल्या आकड्यांचा माग काढणे अनेकदा शक्य असते. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्यात मुलांच्या माहितीसाठी अधिक कडक तरतुदी आहेत. मात्र येथे कायद्याच्या आधी साधा विवेकच पुरेसा आहे. मदतीसाठी आलेल्या मुलाची माहिती गावभर होणे हे त्या मदतीचे मोल ठरू नये.

सर्वात शेवटी, चित्रफीत पाठवण्यापूर्वी ती एकदा फोनवर, आवाज चालू ठेवून, सुरुवातीपासून अखेरपर्यंत पाहावी, लॅपटॉपवर नव्हे. अक्षरे वाचता येतात का आणि चारही कोपऱ्यांत नको ते काही दिसते का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. या तपासणीस दहा मिनिटे लागतील. एकदा दोनशे फोनांवर गेलेली चित्रफीत परत बोलावण्यास मात्र आयुष्य पुरणार नाही.

किन्हवलीच्या पालकाला त्या चित्रफितीत हवे असते ते इतकेच : कोणत्या रकान्यात काय लिहायचे आणि नंतर कोणते बटण दाबायचे. त्यासाठी पडद्याचा चौथा हिस्सा पुरतो. उरलेले तीन हिस्से शिक्षकांचे आणि त्या विद्यार्थ्याचे खासगी आहेत; ते तसेच राहू द्यावेत.